बिबट्याचा दिवा, चिलापीचा दिवा आणि तिसरा

८ जानेवारी, गुरुवार

सुमन म्हणाली, "दिवसभर माझं डोकं खाता, त्यापेक्षा वहीत लिहा." म्हणून आजपासून ही वही. बियाणं कंपनीची फुकटातली डायरी आहे. यंदा रेघा इतक्या फिकट छापल्यात की माझ्या ओळी चढाला लागल्यात. फुकटच्या मालाला काय बोलणार!

तर विषय होडीचा. कोपरगावच्या साखर कारखान्यात मी उभी हयात इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. रिटायर झालो आणि सुमनच्या माहेरी, कर्जत तालुक्यात उजनीच्या बॅकवॉटरच्या काठी घर बांधलं. सासुरवाडीत राहतो म्हणून अख्खं गाव मला दाजी म्हणतं आणि दाजी म्हटलं की टिंगल आलीच. थंडीत इथं फ्लेमिंगो उतरतात, ते बघायला गाड्या भरभरून लोक येतात. मी फायबरची एक छोटी होडी घेतली. इंजिन आणि पाण्याची माहिती शेजारच्या गहिनीनाथची, बाकी डोकं माझं. अशी आमची भागी.

सुमनचा पहिल्यापासून विरोध. शेवटी ठराव झाला. होळीपर्यंत होडीनं नीट चालून दाखवायचं. नाही चाललं तर होडी विकायची आणि नगरमध्ये सावेडीला लेकीकडे, अश्विनीकडे कायमचं राहायला जायचं. अश्विनीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तिथं मी चार दिवस राहिलो की गॅलरीत उभा राहून रिक्षा बघत बसतो. जावई भला माणूस, लेक तर काळजाचा तुकडा, पण सावेडी नको रे बाबा.

आता अडचण अशी की धरणातून पाणी सुटलं की काठ मागं मागं जातो. संध्याकाळी पाण्यात बांधलेली होडी सकाळी चिखलात. परवा पाहुणे आले आणि मी, गहिनीनाथ आणि सुमन होडी ढकलतोय! म्हणून काल होडी आत खोल पाण्यात नेली आणि नांगर टाकला. तर आज सकाळी दगडाबाई दारात. ह्या बाई आणि त्यांचा नवरा पहाटे अंधारात जाळी काढायला जातात. अख्ख्या मच्छीमार आळीत त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही.

"जावईबापू, तुमची होडी पान्यात काळ्या ढेकळावानी पडलीय. आज आमची धडकता धडकता राह्यली. दिवा लावा तिच्यावर, न्हाईतर काढा तिथनं."

दिवा? अहो, ज्यानं कारखाना उजळवला त्याला एक दिवा जड जाणार आहे का!

१२ जानेवारी, सोमवार

दिवा वाटतो तितका सोपा नाही, हे मान्य. तीन गोष्टी जमल्या पाहिजेत. रात्रभर टिकला पाहिजे. होडीवरची बॅटरी पिटुकली आहे, तिला झेपला पाहिजे. आणि चारी बाजूंनी दिसला पाहिजे, कारण वारा फिरला की नांगरावरची होडीही फिरते.

आज मिरजगावला गेलो. कृषी सेवा केंद्रात औषधाचा पंप दुरुस्तीला टाकला होता, तो आणायला. तिथं काउंटरवर पाहतो तर काय, बिबट्या पळवायचा दिवा! उसाच्या कडेला, गोठ्यावर शेतकरी लावतात तो. वर सोलरची पाटी, अंधार पडला की आपोआप चालू, चहूबाजूंनी लाल-पांढरा लुकलुकतो. बिबट्याला वाटतं, कोणीतरी टॉर्च घेऊन हिंडतंय. करंट खातो चिमणीएवढा. बॅटरीची तर गरजच नाही!

घेतला. संध्याकाळी काठी उभी करून होडीवर बसवला. काठावरून छान लुकलुकताना दिसला. ह्याला अक्कल लागते, असं सुमनला म्हणालो. ती म्हणाली, "बघू."

१३ जानेवारी, मंगळवार

आज गावात दूध निघालं नाही.

झालं असं की, आमच्या भागात तो दिवा जिथं लागतो तिथं बिबट्या दिसलेला असतो. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं, फक्त पाण्यावर लावताना आठवलं नाही. रात्री कोणीतरी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, 'बिबट्या पोहून येत आहे, सावध राहा.' पहाटे कोणी धारेला उठेना. गहिनीनाथ शेळ्या घरात घेऊन आतून कडी लावून बसला, ह्या माणसाच्या होडीवर तो दिवा आहे! स्वतः बसवू लागला होता! शाळेत मुलं नाहीत. नऊ वाजता वनखात्याचा गार्ड गाडी घेऊन आला आणि विचारायला लागला, "पाण्यात दिवा कोणी लावला?"

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. सुमननं तोंडाला पदर लावला होता. खांदे हलत होते तिचे.

"दाजी," गहिनीनाथ म्हणाला, "बिबट्या होडीत बसून येनार हुता व्हय?"

दिवा काढला. तरी लिहून ठेवतो, करंटच्या बाबतीत त्या दिव्याला तोड नव्हती.

१८ जानेवारी, रविवार

दगडाबाईंचा परत निरोप. आता ताकदीचाच दिवा लावायचा ठरवलं. ट्रॅक्टरच्या टपावरचा एलईडी. बॅटरी मोठी टाकली, ती रोज सकाळी काढून घरी आणायची आणि चार्जिंगला लावायची. बॅटरी कसली, धोंडाच तो. गहिनीनाथ कंबर धरून बसला.

पण दिवा असावा तर असा! काठावरून अगदी ठसठशीत दिसला. गहिनीनाथ म्हणतो, "दाजी, डोळं दिपत्यात. पल्याडच्या गावातली मान्सं झोपायची न्हाईत." काहीतरीच. मला तर कुठं दिपल्यासारखं झालं नाही.

सुमनच्या हाताला आज पेट्रोलचा वास येत होता. विचारलं, तर म्हणाली स्कूटर पुसत होते. स्कूटर जशीच्या तशी धुळीत उभी आहे. बायका काय पुसतात आणि काय सांगतात, देव जाणे.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी होडीकडे गेलो तर होडीच्या भोवती सतरा जाळी.

दिव्यावर चिलटं आली. कोट्यवधी. दिव्याखाली होडीत त्यांचा बोटभर थर बसलेला, पोहे पसरल्यासारखा. चिलटं पाण्यात पडली म्हणून ती खायला चिलापी मासळी आली. चिलापी आली म्हणून दगडाबाई आल्या, आणि दगडाबाईंच्या मागं अख्खी आळी. लोकांनी लांब राहावं म्हणून दिवा लावला, आणि लोक जत्रेला यावं तसे जमले! जाळी निघेपर्यंत होडी हलेना. पुण्याहून आलेले पाहुणे काठावर ताटकळून, दुसऱ्याची होडी करून गेले.

दगडाबाई मात्र खुशीत. दोन मोठ्या चिलाप्या घेऊन घरी आल्या. "जावईबापू, लई गुनाचा दिवा हाय. काढू नका बरं का. उलट आजून एक लावा."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, होडी धडकते?"

"आता कशाला धडकंल? आता आमी तिथंच असतो की."

कालवण सुमननं झणझणीत केलं होतं. ती जेवताना म्हणाली, "दिवा कमी पाहिजे. एवढा कमी की किड्याला कळू नये आणि माणसाला कळावं." मी म्हटलं, इलेक्ट्रिशियन मी आहे का तू? पण म्हणणं तिचं बरोबर आहे. हे तिला सांगितलेलं नाही.

२४ जानेवारी, शनिवार

नगरला जाऊन आलो. तीन दुकानं पालथी घातली. चौथ्यात सापडला. मुठीएवढा, काचेच्या बरणीसारखा गोल, पांढरा, स्थिर. लुकलुक नाही की झगमग नाही. आमच्या पिटुकल्या बॅटरीवर तीन-तीन रात्री चालेल इतकं त्याचं पोट लहान. दुकानदार म्हणाला, अंधारात कोस-दीड कोसावरून दिसतो.

मुक्काम सावेडीला. सगळी सावेडीच माझ्यावर उठलीय. रस्त्यावरच्या दिव्यांना हल्ली कसलीतरी काच लावतात, प्रत्येक दिव्याभोवती मोठं रंगीत कडं दिसतं. समोरून मोटार आली की तिचा दिवा फुटून डोळ्यात घुसतो. मी मध्येच थबकलो, तर अश्विनीनं माझा हात धरला. म्हणाली, "पप्पा, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊया का?" मी म्हटलं, तुमच्या नगरपालिकेला घेऊन जा डॉक्टरकडे.

तिनं मग आईला फोन लावला आणि आत जाऊन हळू आवाजात बराच वेळ बोलत होती. दोघींचं सावेडीचंच चाललं असणार.

२८ जानेवारी, बुधवार

फसलो. दुकानदारानं चक्क गंडवलं!

अंधार पडला की काठावर उभा राहतो, दिवा नाही. विझला म्हणावं, तर गहिनीनाथच्या होडीतून जवळ जातो, तेव्हा चालू. परत काठावर येतो, नाही. वायर बदलली, मीटर लावला, व्होल्टेज ठणठणीत. काल परत तेच. कोस-दीड कोस म्हणे! हाकेच्या अंतरावरून दिसेना.

गहिनीनाथ म्हणतो, दिसतोय. दगडाबाई म्हणतात, दिसतोय, पर त्याच्यावर चिलापी काय येत न्हाई. सुमन म्हणते, दिसतोय. गावानं एकी केली की ती अशी, दाजीची गंमत करायला.

परत तो ट्रॅक्टरचा लावतो म्हणालो तर सुमन ताडकन म्हणाली, "हात तर लावून बघा." आणि मग नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

१ फेब्रुवारी, रविवार

आज अश्विनीच्या ऑफिसातल्या दोघी जणी आल्या होत्या. होडी मीच चालवली. सुमन 'सहज' म्हणून आली आणि नेमकी माझ्यापुढे बसली. सारखं आपलं, "डावीकडं घ्या, बांबू आहे," "जरा थांबा, जाळं आहे." मला काय दिसत नव्हतं का?

एका ठिकाणी चित्रबलाक उभा होता. मी इंजिन बंद केलं, आवाज खाली आणला आणि त्याची सगळी माहिती सांगितली. कसा तासन् तास एका जागी उभा राहतो, कसा मासा टिपतो. दोघी ऐकून घेत होत्या, पण एकमेकींकडे बघत होत्या. जवळ गेलो तर युरियाची गोणी. जाळ्याच्या बांबूला अडकलेली.

सुमननं लगेच पुढचं सांगायला घेतलं, "आणि ते पलीकडे शेकाट्या, लांब तंगड्यांचे. त्यांच्यामागं चक्रवाक, बदामी रंगाचे." हिला ही नावं कधी आली? माहेरच्या पाण्याचा गुण असेल.

घरी आल्यावर म्हणाली, "डोळे दाखवा. नाहीतर माणसं बसवून होडी चालवायची नाही."

"माझे डोळे उत्तम आहेत."

"मग परवा संध्याकाळी काठावर चला. मला दाखवा."

आज पौर्णिमा. चंद्रालाही कडं आहे. आणि चांदण्या यंदा कमीच उगवल्यात.

३ फेब्रुवारी, मंगळवार

लिहायला हात उचलत नाही. पण लिहितो.

दिवेलागणीला सुमन मला काठावर घेऊन गेली. हातात तिची भाजीची पिशवी. पूर्ण अंधार होईपर्यंत बसलो. मग तिनं विचारलं, "दिसतोय का दिवा?"

पाण्यावर काहीच नव्हतं. पण मला वाटलं, सगळ्या गावाला दिसतो तर तिथंच कुठंतरी असणार. नाही म्हटलं की होडी गेली. होडी गेली की सावेडी. मी बोट केलं आणि म्हणालो, "तो काय. अगदी झकास दिसतोय. उगाच त्या दुकानदाराला बोललो."

"नीट बघा."

"अगं, नीटच बघतोय. टळटळीत आहे."

सुमननं पिशवीत हात घातला आणि दिवा काढून माझ्या मांडीवर ठेवला. दुपारीच तिनं गहिनीनाथकडून तो उतरवून आणला होता.

मला वाटलं, आता हसेल. बिबट्याच्या वेळी हसली होती तशी. हसली नाही. माझ्या शेजारी बसून राहिली आणि तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज लिहिण्यासारखं काही नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आहे. मी घाबरलोय.

डोळ्याचं ऑपरेशन करावं लागेल म्हणून नाही. रविवारी माझ्यापुढे सुमन बसली नसती आणि बांबूच्या जागी दगडाबाईंची होडी असती तर? लोकांच्या दोन लेकी बसल्या होत्या माझ्या भरवशावर. आणि मी त्यांना गोणीची माहिती सांगत होतो.

सुमनला म्हणालो, चल, कधी जायचं. ती म्हणाली, अश्विनीनं नंबर लावून ठेवलाय. म्हणजे त्या दिवशी फोनवर आत हेच चाललं होतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नगर. उजव्या डोळ्याचं झालं. मोतीबिंदू 'चांगलाच पिकलेला' होता, असं डॉक्टर म्हणाले, आंब्याचं बोलावं तसं. डावा पुढच्या महिन्यात. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, धूळ-वारा टाळायचा, वजन उचलायचं नाही. होडीचं नाव काढलं तर डॉक्टरांनी हातच जोडले.

गॅलरीत बसलोय. रिक्षांचे नंबरसुद्धा वाचता येतात. आनंद मानावा की काय, कळत नाही.

सुमन कालच गावी परत गेली. म्हणाली, शेळ्यांचं बघायला कोणी नाही. शेळ्या गहिनीनाथच्या आहेत, आमच्या नाहीत. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

घरी आलो आणि थक्क झालो. होडी सुमन चालवते!

साडी खोचून, डोक्याला रुमाल बांधून, इंजिनाची दोरी एका हिसक्यात ओढते. गहिनीनाथ पुढं बसून विडी ओढतो. म्हणतो, "अक्काला म्या जानेवारीतच शिकिवलं. तुमी दुपारी झोपायचे तवा. तुमाला सांगू नको म्हनली."

पेट्रोलचा उलगडा झाला. मी खूप चिडलो. मग विचारलं, किती फेऱ्या झाल्या? म्हणाली, ह्या आठवड्यात रोज दोन. लोक फोन करून 'सुमनताईंची होडी' विचारतात. मला वाटतं, माझी होडी मी येईपर्यंत बंद पडू नये म्हणून बिचारी राबतेय. होळी तोंडावर आलीय, ठरावाचं मात्र तिनं एका शब्दानं काढलं नाही. मीही कशाला काढू!

२२ फेब्रुवारी, रविवार

आज गहिनीनाथ लग्नाला गेला होता. दुपारी सावेडीच्या चार शिक्षिका आल्या, सुमन एकटीच त्यांना घेऊन गेली. डॉक्टरांनी वारा टाळा म्हटलंय म्हणून मी आल्यापासून घरातच होतो. पण चारनंतर वारा असा सुटला की दारं आपटायला लागली. बॅकवॉटरचं पाणी वाऱ्यानं एकदा उठलं की ते नदीचं राहत नाही. पाच वाजले, सहा वाजले, सुमन नाही. फोन लागेना. काळा चष्मा लावून मी काठावर पळालो.

दगडाबाई होत्या तिथं. सूर्य गेला. पाण्यावर नुसत्या काळ्या लाटा. मला कशाकशाची आठवण झाली ते लिहीत नाही. एवढंच म्हणत होतो, ही होडी मी का घेतली? कोणी सांगितलं होतं मला? बरी होती की सावेडी.

आणि लांब, दोन बेटांच्या मधोमध, मला दिवा दिसला.

एवढासा. तांदळाच्या दाण्याएवढा, पांढरा. मी डावा डोळा झाकला, उजव्यानं बघितलं. होता. समोरच्या बाभळीच्या बुंध्याला खेटून नजर धरली आणि थांबलो. दिवा बाभळीपासून हलेना. लाटांवर खालीवर होत होता, पण बाजूला सरकत नव्हता. म्हणजे होडी वाहत चाललेली नाही. म्हणजे नांगर टाकलाय आणि धरलाय. म्हणजे सुमन जिवंत आहे आणि शहाण्यासारखी एका जागी थांबली आहे. मी तिथंच चिखलात मटकन बसलो आणि चष्म्याच्या आतून रडलो. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नव्हतं, पण ते आतून आलं, त्याला काय करणार.

दगडाबाई आणि त्यांच्या नवऱ्यानं मोठी होडी काढली, दिव्याच्या रोखानं सरळ गेले आणि आमची होडी ओढून आणली. चारही शिक्षिका गाणी म्हणत येत होत्या.

"इंजिनाच्या पंख्यात जाळं गुंतलं," सुमन उतरता उतरता म्हणाली. "वाऱ्यात सोडवायला वाकले असते तर पडले असते. म्हणून नांगर टाकला, दिवा लावला आणि ह्यांना म्हटलं, डबे काढा."

"कोनाचं जाळं?" दगडाबाईंनी विचारलं. सुमननं पंख्यातला तुकडा दाखवला. दगडाबाईंनी तो बघितला, ओळखला आणि पदराखाली घेतला.

सगळे गेले. मी सुमनचा हात धरला. म्हणालो, "सुमन, होळीची वाट बघायला नको. ही होडी विकून टाकू. उद्याच सावेडीला जाऊ. मनापासून सांगतोय."

ती रुमाल सोडून केस झटकत होती. मी इतक्या दिवसांनी तिला नीट बघत होतो. उन्हानं रापलीय, नाकाचं साल निघालंय, आणि लग्नातसुद्धा एवढी खुशीत नव्हती.

"तुम्ही जाऊन या की आठ दिवस," ती म्हणाली. "अश्विनीला बरं वाटेल. मला नाही जमायचं. उद्या पहाटे माझे सहा जण आहेत."

आणि दिवा माझ्या हातात देऊन ती चुलीकडे गेली. मी बॅटरी चार्जिंगला लावून आलो.